माळ्यावरचं जुनं कुणाच्या कामाचं?

दिवाळीआधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून आणि पेटीतून काय काय निघतं! विटलेली लुगडी, पोरांना आखूड झालेले गणवेश, बूड गळणारी बादली, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. अशी वस्तू पुन्हा वापरायची किंवा कुणाला द्यायची, तर आधी दोन गोष्टी बघायच्या. ती कशाची आहे आणि तिच्यात आधी काय होतं?

कापड सुती की नायलॉन, पॉलिस्टरचं, हे हातानं कळत नसेल तर एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. दुसरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. तोच मणी म्हणजे धोका. अशा साडीच्या फडक्यानं चुलीवरचं भांडं उतरवू नका. पेट घेतला तर वितळून कातडीला चिकटतं. त्याच्या पिशव्या शिवा, पायपुसणी विणा, दोर वळा.

सुती कापडाला मात्र मरण नाही. मऊ झालेल्या लुगड्याची बाळासाठी दुपटी आणि लंगोट होतात. पाळीतही हेच कापड घाम आणि ओल शोषतं. फक्त साबणानं धुवून कडक उन्हात वाळवा, अंधाऱ्या कोपऱ्यात नको. लाज वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाका, पण ऊन लागू द्या.

आणि गोधडी! वर-खाली धड लुगडी, मध्ये फाटकी. कडेनं धावदोरा घालत आत आत मधोमध यायचं. टाके जवळ असले तर आतलं कापड धुताना गोळा होत नाही. शहरातली माणसं आता हातशिलाईच्या गोधडीला पैसे मोजतात. गटानं विकायची ठरवली तर किती दिवस बसलात ते वहीत लिहा आणि त्या दिवसांची मजुरी धरून किंमत सांगा. कापड जुनं असलं तरी बोटं आपली झिजतात.

बोहारीण दारात आली की आपण पातेलं वाजवून घेतो, तिच्याशी घासाघीस करतो. करावी, पण तिचंही पोट त्यावरच आहे. आपले कपडे निवडून, धुवून, दुरुस्त करून ती पुढं विकते, म्हणून ते कुणाच्या तरी अंगावर जातात.

देण्यातही रीत हवी. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये गूंज ही संस्था सुरू केली. शहरातले जुने कपडे गावात नुसते वाटण्याऐवजी गावकऱ्यांनी विहीर, रस्ता, तळं अशी आपल्याच गावाची कामं करायची आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. या कामासाठी २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, हे मला त्यातलं मोठं वाटतं.

आता औषधाच्या बाटल्या. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यांत जहाल आणि हिरवा त्यामानानं सौम्य. पण रिकामी बाटली कुठल्याही रंगाची असो, तिला घरात जागा नाही. कितीही घासली तरी विष पुरतं जात नाही. त्यात पाणी नको, तेल नको, रॉकेल नको, बियाणंसुद्धा नको. फवारणी झाली की बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. मग तिला भोकं पाडा म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. फोडून वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब पुरा, नियमही तेच सांगतो. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच काढून ठेवू नका. पोरं रंग बघून तोंडाला लावतात.

गणवेश, दप्तरं, पुस्तकं यांच्यासाठी शाळा सुरू व्हायच्या आधीची गटाची बैठक धरा. धुतलेलं, बटणं लावलेलंच आणायचं. सतरंजीवर मांडा आणि ज्या बाईला जे हवं ते तिनं स्वतः उचलावं. कुणी काय नेलं ते लिहायचं नाही. उरेल ते बोहारणीला द्या आणि येईल ते पातेलं गटाच्या चहाला ठेवा.