विशेष शिक्षिका आली, पण टिकेल कशी?

रोवणी आटोपली, बचत गटाच्या बैठका पुन्हा भरू लागल्या. म्हणून बैठकीत घेण्यासारखा एक विषय आज सांगते.

तुमच्या टोल्यावर असं एखादं लेकरू आहे का, ज्याचं नाव शाळेच्या हजेरीत आहे, पण जे घरीच असतं? कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणाच्या दोन वर्षं शिकवूनही आकडे ध्यानात राहत नाहीत. आपण म्हणतो, त्याच्या नशिबात शिक्षण नाही. पण बहुतेक वेळा अडचण साधी असते. त्याला कसं शिकवायचं हे ज्याला येतं, ते माणूस त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्या माणसाला विशेष शिक्षक म्हणतात.

विशेष शिक्षिका करते तरी काय? न दिसणाऱ्या मुलाला ती बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवते. ऐकू न येणाऱ्याला खुणांची भाषा देते, श्रवणयंत्र लावून बोलण्याचा सराव घेते. ज्याला उशिरा समजतं, त्याच्यासाठी एकाच कामाचे लहान लहान तुकडे पाडते. सदऱ्याची गुंडी लावणं हेसुद्धा पाच पायऱ्यांत शिकवावं लागतं. शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाच्या घरी जाते, आणि त्याच्या आईलाही शिकवते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. त्यात सिकलसेलही आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार किती घरांत आहे, ते तुम्हाला सांगायला नको. दुखणं उठलं की लेकरू आठ-आठ दिवस घरी राहतं आणि अभ्यासात मागं पडतं. ज्याचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचा दाखला आहे, त्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा घ्यायची की विशेष शाळा, हे त्याच्या घरच्यांनी ठरवायचं. आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवनात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. पण प्रत्येक लेकराला घरापासून इतक्या दूर ठेवता येत नाही. म्हणून गावच्या शाळेतच शिकवणारं माणूस हवं.

किती माणसं हवीत? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ४,८६० पदं मंजूर केली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. कंत्राटावर वर्षानुवर्षं काम करणारे जवळजवळ ३ हजार शिक्षक या पदांवर घ्यायचं ठरलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा सगळ्या राज्यांना पदं जाहीर करायला आणि कंत्राटी शिक्षकांची पात्रता तपासून निर्णय घ्यायला सांगितलं.

हिशेब तुम्हीच करा. ४,८६० पदं, आणि हातात जवळजवळ ३ हजार माणसं. उरलेली माणसं आणायची कुठून? आणि केंद्राला एक म्हणजे एकाच शिक्षिकेकडे अनेक गावांच्या शाळा.

हे माणूस लवकर तयार होत नाही. बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षणाची पदविका आहे. पदवीनंतर विशेष शिक्षणाचं बीएड करता येतं. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, त्याशिवाय हे काम करता येत नाही. शिकलेली माणसं शहरात राहतात, कारण विशेष शाळा आणि शिकवण्या बहुतेक तिथेच आहेत.

आपल्या भागात आलेली शिक्षिका का निघून जाते, तेही बघा. जंगलातून एकटीने जायचं, वाघाची भीती. पावसात नाल्याला पूर आला की वाट बंद. कंत्राट असलं की दर वर्षी तेच टांगणीला. इतक्या लांबून यावं, तर लेकरू आईबरोबर मोह वेचायला गेलेलं. वर गावातलं कुणी म्हणतं, "या पोरांना शिकवून काय होणार?" असं ऐकल्यावर कोण थांबेल?

पदं काढणं, पगार देणं हे सरकारचं काम आहे, आणि ते मागायचंच आहे. पण टिकवण्यात गावाचाही हात आहे. पऱ्हे दुसऱ्याने दिले तरी आपल्या बांधीत ते जगवायचे आपल्यालाच ना!

बचत गटाने चार कामं करावीत.

पहिलं, यादी. आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन प्रत्येक टोल्यावरच्या दिव्यांग मुलांची नावं लिहा, शाळेत न जाणाऱ्यांचीही. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना ती अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. अर्जात दोनच प्रश्न विचारा: आमच्या केंद्राची विशेष शिक्षिका कोण, आणि ती कोणत्या वारी येते? पद रिकामं असेल तर तेही लेखी मागा.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. दिव्यांग लेकराच्या एका आईला त्यात घ्या.

तिसरं, शिक्षिकेची सोय. राहायला खोली बघा. आतल्या टोल्यावर जाताना सोबत द्या. तिच्या वारी लेकरू अंघोळ करून तयार ठेवा. तेंदूच्या हंगामात तो एक दिवस त्याला घरीच राहू द्या. तिने शिकवलेलं मधल्या दिवसांत आईने करून घ्या.

चौथं काम सगळ्यांत मोठं. गावातली बारावी झालेली एक मुलगी या पदविकेला पाठवा. गटातून कर्ज द्या. प्रवेशाआधी ती संस्था पुनर्वास परिषदेने मान्य केलेली आहे का, हे नक्की तपासा, नाहीतर पैसेही जातील आणि दोन वर्षंही. आपली मुलगी का? ती इथलीच आहे, जंगलाची वाट तिला माहीत आहे. शिवाय तिला इथली बोली येते. गोंडी बोलणारं लेकरू मराठीत उत्तर देत नाही म्हणून बाहेरून आलेला माणूस त्याला मंदबुद्धी समजू शकतो. आपली मुलगी त्याच्याशी गोंडीत बोलून बघेल आणि मग ठरवेल.

पुढच्या बैठकीत पासबुकं बंद करण्याआधी एवढंच विचारा: आपल्या टोल्यावर घरी बसलेली लेकरं किती, आणि शिकायला पाठवता येईल अशी मुलगी कोण?