वाफेला वाट द्या!

मैत्रिणींनो, २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यातल्या मुरुडची मी. आमच्याकडे कसली आलीय ओल, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या श्रावणात ठेवणीतली साडी काढायला कपाट उघडलं, तर घडीवर बुरशीचे ठिपके! त्याच खोलीत झोपणाऱ्या आमच्या धाकट्याचा खोकला महिनाभर हटेना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "खोलीत कुबट वास येतो का?"

स्लॅब गळत असेल म्हणून गवंडी बोलावला. त्याला गळती सापडली नाही. मग पाणी येतं कुठून? आपल्याच स्वयंपाकघरातून! गॅस जळताना वाफ तयार होते. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो पाणी. म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. भाताची, अंघोळीची वाफ आणि घरात वाळणारे कपडे वेगळेच. ही दमट हवा गार भिंतीला लागली, की तिथे ओल धरते.

जुन्या माळवदाच्या घरांत धूर नि वाफ छतातल्या झरोक्यातून निघून जायची. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची धास्ती बसली. आमचं सिमेंटचं घर त्यानंतरचं. भिंती पक्क्या झाल्या, पण वाफेची वाट बुजली. त्यात "पोराला गारठा बाधेल" म्हणून सासूबाई खिडक्या लावून घ्यायच्या.

अमेरिकेत काही घरांत सगळ्या घराची हवा कोरडी करणारं यंत्र बसवतात. थंड नळ्यांवरून हवा गेली, की तिच्यातलं पाणी गळून पडतं. बाहेरची ताजी हवाही गाळून, कोरडी करून आत घेतात. एका खोलीपुरतं यंत्र आपल्याकडेही मिळतं. पण ते चालू असताना खिडक्या बंद हव्यात, आणि वीज लागते ती निराळीच. त्याआधी हे करून पाहा:

• स्वयंपाक करताना पातेल्यावर झाकण ठेवा. वाफ बाहेर फेकणारा पंखा स्वयंपाक झाल्यावरही पंधरा मिनिटं चालू राहू द्या.

• अंघोळीनंतर न्हाणीघराचं दार लावा, खिडकी उघडा.

• ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका.

• कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

• झड लागली, की बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा खिडक्या बेताने उघडा. उघडीप मिळाली, की समोरासमोरच्या सगळ्या उघडा.

हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळही मिळतं. काटा साठाच्या आत असावा. झडीत तो चढणारच. पण उघडिपीनंतरही उतरला नाही, तर वाफ कुठेतरी अडतेय असं समजा.

आमच्या खोलीतला वास गेला. खोकलाही थांबला, औषधाने की हवेने, ते मी कशी सांगू? पण परवा ऊन पडलं, तेव्हा खिडकी उघडायला सासूबाईच आधी उठल्या!