सवडीचें शिक्षण आणि नेमल्या दिवसाची परीक्षा

ठरल्या घटकेला वर्गांत हजर राहणें ज्यांना पोटापाण्याच्या कामामुळें जमत नाहीं, त्यांनीं शिकावें कसें, हा प्रश्न कृष्णाकांठीं नवा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढें 'कमवा आणि शिका' या योजनेनें श्रम व विद्या यांची सांगड घातली. ९ जुलै २०१७ रोजीं केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणमंचाचें उद्घाटन झालें, तेव्हां महाविद्यालयीन व्याख्यान थेट घरांत आलें. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणारा तरुण किंवा सांगलीच्या हळदपेठेंत हिशेब लिहिणारी मुलगी आतां आपल्या सवडीनें तें ऐकूं शकते.

परंतु सवड आहे ती ऐकण्यापुरती. परीक्षेचा दिवस आणि वेळ दुसऱ्यानें ठरविलेली असते. अभ्यासक्रमाला नांव घालणें विनामूल्य असलें, तरी परीक्षेची नोंदणी निराळी, तिची फी निराळी आणि मुदतही निराळी. पहिल्या नोंदणीवर विसंबणाऱ्याची परीक्षा तेथेंच हुकते. याच मंचावर आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल उपक्रमाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांच्या गुणपद्धतींत आणखी एक मेख आहे. साप्ताहिक स्वाध्यायांना २५ गुण, केंद्रावरील परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठीं पहिल्यांत किमान १० आणि दुसऱ्यांत किमान ३० हवेत. म्हणजे स्वाध्यायांत पैकीच्या पैकी २५ मिळविणारा परीक्षेंत २९ वर अडला, तर बेरीज ५४ होऊनही नापास. १० व ३० अशी जेमतेम ४० ची बेरीज करणारा मात्र उत्तीर्ण! बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत सर्वोत्तम ८ स्वाध्यायांचेच गुण धरतात. सवलत गोड खरी, पण गाळलेल्या चार आठवड्यांवरचे प्रश्न परीक्षेंतून कोणी गाळीत नाहीं.

घरबसल्या ऐकणाऱ्याची खरी फसगत मात्र नियमांनीं होत नाहीं, ती सोयीनें होते. न समजलेला भाग मागें नेऊन पुन्हां ऐकतां येतो आणि तिसऱ्या खेपेस सारें ओळखीचें वाटूं लागतें. ओळख पटणें निराळें, आठवणें निराळें. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदां वाचावयास दिला. दुसरा एकदांच वाचून, मग न पाहतां आठवेल तेवढा लिहून काढावयास सांगितलें. पांच मिनिटांनीं पाहिलें, तों दोनदां वाचलेला उतारा ८१ टक्के आठवत होता, लिहून काढलेला ७५. आठवडा लोटल्यावर पहिल्याचे ४२ टक्के उरले, दुसऱ्याचे ५६. परीक्षा पांच मिनिटांनीं नसते.

तेव्हां तासभर हाताशीं असेल, तर अर्धा तास ऐकण्यास द्यावा. मग पडदा मिटून, वही उघडून, ऐकलेलें लिहावें; कोठें अडतें तें लगेच दिसतें आणि तेवढाच भाग पुन्हां ऐकावा. स्वाध्यायाची मुदत संपल्यावर त्याचीं उत्तरें प्रसिद्ध होतात. बहुतेक विद्यार्थी तीं पाहून पुढें जातात. त्यांऐवजीं दहा-बारा दिवसांनीं तोच स्वाध्याय कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून सोडवावा. घरांतील कोणी वडीलधाऱ्यानें प्रश्न वाचून दाखविले तरी चालेल, त्याला विषय येण्याची जरुरी नाहीं. पुष्कळ व्याख्यानांचीं मराठी भाषांतरें मिळतात. त्यांनीं अर्थ उलगडतो. पण प्रश्नपत्रिका इंग्रजींत असेल, तर संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवाव्या, हें बरें.

वेळापत्रक आंखतांना पावसाळा विसरूं नये. जुलैमध्यें सुरू होणारें सत्र ऐन पावसांत सांपडतें. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें, तेव्हां वीज आणि घर दोन्ही सुटलेल्या विद्यार्थ्याला व्याख्यान कोठून ऐकूं येणार? पश्चिमेकडे जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरांतही पावसांत वीज जाणें नवलाचें नव्हे. म्हणून पुढील दोन आठवड्यांचीं टिपणें आधींच उतरवून ठेवावीं आणि बारांपैकीं दोन आठवडे बुडतील असें धरूनच आंखणी करावी. प्रवेशपत्र हातीं येतांच त्यावरील केंद्राचा पत्ता पाहावा, एस. टी. ची पहिली गाडी किती वाजतां सुटते तें विचारून ठेवावें, आणि छायाचित्र असलेलें मूळ ओळखपत्र आदल्या रात्रींच पिशवींत घालावें.