पुरातली बेटं आणि बावड्याची पट्टी

जुलैत पाऊस लागला की कोल्हापूरकराची चौकशी एकच : "पाणी किती फुटांवर?" पंचगंगेचा हा आकडा येतो कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीवरून. इशारा 39 फुटांवर, धोका 43 वर. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये 56 च्या. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, चिखली-आंबेवाडीची बेटं झाली. समुद्र घाटाखाली असला तरी बेटावरची अडचण इथं दर मोठ्या पुरात येते : रस्ता नाही, प्यायचं पाणी नाही, जनावरं न्यायची कुठं? पुराविषयीचे समज मात्र बरेचसे चुकीचे.

"बंधारा पाण्याखाली गेला, म्हणजे पूर आला," हा पहिला. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ठेंगणाच असतो. खांबांच्या खाचांत बरगे घालून उन्हाळ्यासाठी पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे, अशी त्याची रीत. त्यावरून पाणी वाहू लागतं ते इशारा पातळीच्या कितीतरी आधी. वाहतूक बंद होते, इतकंच. उलट 43 च्या आत सगळे निर्धास्त, असंही नाही. सुतारवाड्यातल्या लोकांना त्याआधीच सामान हलवावं लागतं.

सगळ्यात महागात पडणारा समज लाल पूररेषेचा. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची. म्हणून "एकदा येऊन गेला, आता नातवंडं बघतील," असं लोक बोलतात. पण शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. गेल्या वर्षीच्या पुराची नदी नोंद ठेवत नाही. घराचं कर्ज 30 वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी यायची शक्यता 26 टक्के. निळ्या रेषेवर हाच आकडा 70 च्या घरात जातो. आणि हा हिशेब मागच्या पावसावर बेतलेला. तापमानवाढीनं पावसाची तऱ्हाच बदलली, तर तोही अपुरा. फ्लॅट बघताना पार्किंग विचारतात, रेषा कोणी विचारत नाही.

"भराव टाकला की भागलं," हा आणखी एक समज. मालदीवनं हुलहुमाले हे बेट भराव घालून उभं केलं, पण तिथलं हटलेलं पाणी अख्ख्या समुद्रात पसरतं. पूरपट्ट्यातल्या भरावानं हटलेलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं.

"सगळं अलमट्टीमुळं," म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणामुळं, हेही तसंच. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलं नाही. पाणी तुंबतं ते संगमावर : नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते; कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी मागं तुंबतं. अलमट्टीची उंची वाढवण्याला विरोध जरूर करावा, पण त्या आडून आपल्याच नदीकाठची बांधकामं झाकू नयेत.

राहता राहिलं पुनर्वसन. चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला जागा मिळाली, तरी गाव पुरतं उठलं नाही. याला हट्ट म्हणणाऱ्यानं पहाटेची धार काढून दाखवावी. शेत काठावर, वैरण तिथली, गोठा तिथला. घराचा प्लॉट मिळतो, पण म्हशीचं काय? गोठा, वैरणीची जागा आणि शेतापर्यंत बारमाही रस्ता ही मोजणी प्लॉटच्या आधी व्हायला हवी.