ड्रायर म्हणजे नेमके काय?

पावसाळ्यात मुलांचे गणवेश वाळत नाहीत, म्हणून आपण वॉशिंग मशीन घ्यायला जातो. विक्रेता सेमी-ऑटोमॅटिकचा दुसरा टब दाखवतो आणि म्हणतो, ‘ड्रायर यात आहेच की!’ इथेच फसायला होते. हा टब कपडे गरगर फिरवून पाणी बाहेर फेकतो. हाताने पिळण्याचेच काम, फक्त जोरात. कपडे दमटच राहतात, दोरी काही सुटत नाही. खरा ड्रायर गरम हवेने कपडे सुकवतो. साध्या प्रकारचा ड्रायर दोन हजार वॅटच्या आसपास वीज घेतो. त्याला १६ अँपिअरचा प्लग हवा.

त्याआधी नळाकडे बघा. पाणी तासभरच येत असेल, तर बादलीने भरता येणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकला नाक मुरडू नका. फ्रंट-लोड पाणी कमी घेते, मिनिटाला १००० ते १४०० फेऱ्यांनी कपडे घट्ट पिळते. पण नळाला पुरेसा दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीलगतच्या मजल्यावर नेमका तोच नसतो.

धुणे आणि सुकवणे एकाच मशीनमध्ये हवे असेल, तर दोन आकडे विचारा. आठ किलो धुणारे मशीन बहुधा पाचच किलो सुकवते. उरलेले ओले कपडे बाहेर काढावे लागतात. काही मशीन तर सुकवतानाही पाणी घेतात!

घरात दोरी बांधायला जागा असेल, तर घट्ट पिळणारे मशीन आणि छताचा पंखा यांवर चार महिने निभावतात. जागाच नसेल, तर ड्रायरचा खर्च जरूर करावा.