वारणेची संगणक केंद्रे आणि नामपूरचा कांदा

माल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे वजन, भाव व रक्कम यांची खरी माहिती वेळेवर मिळणेही महत्त्वाचे होय. ही माहिती संगणकाद्वारे गावात आणण्याचा आरंभीचा एक मोठा प्रयत्न वारणा खोऱ्यात झाला. नामपूर परिसरातील कांदा उत्पादकांनाही तो मार्गदर्शक ठरावा.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी ती मुंबईसारख्या मोठ्या शहरांपुरतीच होती. दूरध्वनीची तार मोडेमला जोडावयाची, त्याची कर्कश शीळ थांबेपर्यंत वाट पाहावयाची आणि मग पडद्यावर मजकूर सावकाश उमटावयाचा, असा तो काळ होता.

१९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगरभोवतालच्या ७० गावांसाठी संगणक प्रकल्प हाती घेण्यात आला. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून तो उभारला. उसाची नोंद, तोडणीची पाळी, कारखान्यात भरलेले वजन व बिलाची रक्कम या गोष्टी गावातील केंद्रावरच कळू लागल्या. त्यासाठी कारखान्याच्या कचेरीत घालावे लागणारे खेटे वाचले.

पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे इतर हेतूही या प्रकल्पात होते. तथापि पुढे केलेल्या पाहणीत केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या व्यवहारासाठीच होत असल्याचे आढळले. विजेचा खंड आणि संगणकांची देखभाल या अडचणी होत्याच. म्हणून २००६ च्या सुमारास सात गावांत हेच काम मोबाइलवरील लघुसंदेशाने करून पाहण्यात आले. आपल्या कष्टाचे मोल जिच्यावर ठरते, तीच माहिती शेतकरी प्रथम विचारतो, हा यातील बोध होय.

आज राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव हातातील मोबाइलवरच पाहता येतात. मात्र ते नीट वाचले पाहिजेत. जास्तीत जास्त दर थोड्याच उत्तम मालास मिळालेला असू शकतो. म्हणून सर्वसाधारण दर पाहावा. आवक किती झाली, दर लाल कांद्याचा आहे की उन्हाळी, हेही तपासावे. समजा, नामपूरपेक्षा दूरच्या बाजारात सर्वसाधारण दर क्विंटलमागे ६० रुपयांनी अधिक आहे. परंतु तेथवरचे वाहतूक भाडे क्विंटलमागे ८० रुपयांनी जास्त पडते. अशा वेळी माल तिकडे नेल्यास क्विंटलमागे २० रुपयांचा तोटाच होईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामात रोजचे दर व आवक चावडीवरील फळ्यावर लिहावी आणि हा हिशेब शेतकरी बंधूंना समजावून द्यावा. यंत्र माहिती आणून देते; तिचा हिशेब मात्र माणसालाच करावा लागतो.