'काय मारू?' विचारण्याआधी

एका पानाचा धूसर फोटो आणि खाली दोन शब्द : 'काय मारू?' शिरूर-दौंड पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर हा प्रश्न सारखा पडत असतो. सोबत जोडलेले हात असतात, 'सर, अर्जंट' असतं. थोड्याच वेळात औषधांची नावं येऊ लागतात. कुणी बुरशीनाशक सांगतं, कुणी टॉनिक, कुणी दोन्ही एकत्र मारायला सांगतं. विचारणारा त्यातलं एक उचलतो आणि गप्प होतो.

माझ्या मते मदत मागण्याची खरी अदब पुरती माहिती देण्यात असते. उत्तर देणारा फुकट वेळ देतो, त्याला अंदाज बांधायला लावणं बरं नव्हे.

'ऊस पिवळा पडलाय' एवढंच घ्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडलं असावं. पाणी साचून मुळं गुदमरली तरी ऊस पिवळा पडतो. आणि बेट धरून ओढल्यावर सहज हातात आलं, तर खाली हुमणीनं मुळं खाल्लेली असण्याची शक्यता मोठी; तिथं पानांवर काहीही मारलं तरी पैसे वाया. गटावरच्या फोटोत हे सगळे ऊस सारखेच पिवळे दिसतात. म्हणून गाव सांगा, जमीन सांगा. मांडवगण फराट्याकडच्या भीमाकाठच्या काळ्या रानात जी शंका आधी येईल, ती पाबळकडच्या मुरमाड रानात येणार नाही. लागण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, पाणी विहिरीचं की कालव्याचं, शेवटचं खत कधी घातलं, पिवळेपणा सगळ्या रानात आहे की ठिकठिकाणी, हे चार ओळींत मावतं.

फोटोचंही तसंच. 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. आता मुरघासासाठी मका करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. तिची खूण डोक्यावरचा उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात मांडलेले चार ठिपके. पोंग्यातल्या विष्ठेच्या फोटोवरून संशय येतो, खात्री होत नाही. अळी काढून तळहातावर घ्या, उजेडात जवळून फोटो काढा. कांद्याचा फोटो टाकताना मधली पात उकलून दाखवा, कारण फुलकिडे तिथंच दडतात. आधी सगळं रान, मग एक झाड, मग पान आणि लागलं तर उपटलेली मुळं, असे फोटो दिले की बघणाऱ्याला बरंच कळतं.

सगळ्यात जास्त लपवली जाते ती मात्र आपलीच चूक. उसातल्या तणावर टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता टोमॅटोला वापरला, की शेंड्याची पानं अरुंद होऊन पिळतात. फोटोत ते व्हायरससारखं दिसतं. 'आधी काय मारलं होतं?' या प्रश्नाला 'काहीच नाही' असं उत्तर आलं, की सगळा गट चुकीच्या वाटेला लागतो आणि आणखी दोन फवारण्या पडतात. यात खर्चाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, हे विसरता येत नाही. गटावर सांगितलेलं मिश्रण डब्यावरच्या लेबलाशी ताडून पाहिल्याशिवाय पंपात घालू नये.

विचारण्याआधी जुने निरोप शोधावेत. ऑक्टोबर 1995 मध्ये 'आरएफसी 1855' या नावानं इंटरनेटवरच्या वागणुकीचे नियम लिहिले गेले. त्यात नव्या माणसाला सल्ला आहे की काही लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचा. रोगानं पीक चाललेलं असताना इतकं थांबता येत नाही, पण गटात 'करपा' हा शब्द शोधायला मिनिटही लागत नाही. एकच प्रश्न एकाच वेळी पाच गटांवर टाकू नये. उत्तर देणाऱ्याला न विचारता रात्री दहाला फोन लावू नये. घाईच असेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर आहे, तिथंही हीच माहिती तयार ठेवून बोलावं.

आणि उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसून टाकू नये. काय मारलं, किती मारलं, आठ दिवसांनी काय दिसलं, हे त्याच प्रश्नाखाली लिहावं. फरक पडला नाही, हेही लिहावं; पुढच्या माणसाचे पैसे त्यानंच वाचतात. आपल्या गटावरचा स्वतःचा एखादा जुना प्रश्न शोधा आणि पुढं त्या पिकाचं काय झालं, ते त्याखाली लिहा.